जाग आणि भान : जाणिवेच्या विज्ञानाची पार्श्वभूमी

गेल्या पावसाळ्यात ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यालगतच्या एका रुग्णालयात, अतिदक्षता विभागाबाहेरच्या खुर्च्यांवर, मी अकरा दिवस बसून काढले. दुचाकी घसरून डोक्याला मार लागलेला माझा मावसभाऊ आत होता. सहाव्या दिवशी त्याने डोळे उघडले, सगळ्यांना हायसे वाटले. डॉक्टरांनी मात्र सांगितले की, शुद्ध आली असे अजून म्हणता येणार नाही. मावशीला ते पटेना. ‘डोळे टक्क उघडे आहेत, आणि शुद्ध नाही म्हणता?’ हा तिचा प्रश्न भाबडा नव्हता. तो वैद्यकालाही फार उशिरा नीट मांडता आला, आणि जाणिवेच्या आजच्या विज्ञानाचा बराचसा इतिहास त्याच प्रश्नाभोवती फिरतो.

मराठीत झोपेतून जाग येते, घेरी आली की शुद्ध हरपते आणि रागाच्या भरात भान सुटते. जागा माणूसही बेभान असू शकतो, हे आपल्या बोलण्यातच आहे. मेंदूच्या अभ्यासकांना मात्र जाग आणि भान या दोन गोष्टी वेगवेगळ्या पकडायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

त्यांतील जागेचा धागा आधी हाती लागला. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली होती, ज्यात काही रोगी आठवडेच्या आठवडे झोपून राहत, तर काहींची झोपच उडून जाई. व्हिएन्नात कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो यांनी मरण पावलेल्या रोग्यांचे मेंदू तपासून दाखवले की, इजा नेमकी कोठे झाली आहे यावर झोप वाढणार की उडणार हे ठरते. पुढे 1929 मध्ये जर्मनीतील येना येथील हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावरून विद्युतलहरी टिपण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज आपण जिला ईईजी म्हणतो ती हीच. आता जाग कागदावर उमटू लागली : झोपेत मोठ्या, संथ लाटा आणि जागेपणी बारीक, घाईच्या.

यानंतरचा टप्पा मला या साऱ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटतो. 1935 मध्ये बेल्जियमच्या फ्रेडरिक ब्रेमर यांनी मांजराच्या मेंदूचा वरचा भाग, मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या मेंदूस्तंभाच्या वरच्या टोकाशी छेद देऊन, वेगळा केला, तेव्हा त्या वरच्या भागात फक्त झोपेच्या लाटा उरल्या. कान, त्वचा यांच्याकडून येणाऱ्या बातम्या थांबल्या म्हणून मेंदू झोपला, असा अर्थ त्यांनी लावला, आणि तो कोणालाही पटण्यासारखाच होता. परंतु 1949 मध्ये इटलीचे जुझेप्पे मोरुझ्झी आणि अमेरिकेचे होरेस मॅगून यांनी मेंदूस्तंभाच्या गाभ्यातील मज्जापेशींच्या जाळ्याला विजेचे हलके झटके दिले, आणि गुंगीत असलेल्या मांजराच्या ईईजीतील संथ लाटा मोडून जागेपणीच्या बारीक लाटा सुरू झाल्या. बाहेरून ना आवाज आला होता, ना स्पर्श. म्हणजे जाग ही नुसती बाहेरच्या गलबल्याची परिणती नव्हे. मेंदूस्तंभातून सगळ्या मेंदूला जागे ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा आहे.

मावशीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. ही यंत्रणा शाबूत असेल, किंवा सुजेतून सावरली असेल, तर डोळे उघडतात. मात्र त्या डोळ्यांमागे पाहणारे कोणी आहे का, हे एवढ्यावरून कळत नाही.

या दुसऱ्या अर्ध्याकडे शास्त्रज्ञ दीर्घकाळ पाठ फिरवून होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्तनवादी मानसशास्त्राचा दबदबा होता आणि ज्याचे मोजमाप होत नाही त्याविषयी बोलू नये, असा दंडक होता. तो सैल झाला त्याला रुग्णच कारण ठरले. 1974 मध्ये इंग्लंडमधील लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकीकत मांडली. शस्त्रक्रियेत मेंदूचा मागचा, दृष्टीचा भाग एका बाजूने काढल्यामुळे त्याला अर्ध्या दृष्टिक्षेत्रात काहीच दिसत नसे. तरीही त्या आंधळ्या भागात दाखवलेल्या ठिपक्याकडे ‘अंदाजाने’ बोट करायला सांगितले की बोट बऱ्याच वेळा बरोबर जागी जाई. मेंदू पाहत होता, पण माणसाला दिसत नव्हते. भान ही मेंदूच्या कामाची आपोआप पडणारी सावली नाही, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

त्याच सुमारास ग्लासगोतील ब्रायन जेनेट यांनी फ्रेड प्लम यांच्यासह, 1972 मध्ये, डोळे उघडे पण भानाची खूण नाही अशा अवस्थेला स्वतंत्र नाव दिले, आणि 1974 मध्ये ग्रॅहम टीसडेल यांच्याबरोबर बेशुद्धीची मोजपट्टी तयार केली. हीच पट्टी ठाण्यातही सिस्टर ठरावीक वेळाने भरत होत्या : नाव घेऊन हाक, नखावर पेनचा दाब, मग डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे गुण, कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 15. सहाव्या दिवशी डोळ्यांचे पूर्ण 4 गुण मिळाले होते, बाकीचे जवळपास होते तसेच राहिले होते. मुंबईकर वाचकांना ही अवस्था अरुणा शानबाग यांच्यामुळे माहीत झाली. 1973 मधील हल्ल्यात मेंदूचा प्राणवायू तुटल्यानंतर 2015 पर्यंत केईएमच्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली, आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांच्या निमित्ताने या अवस्थेचा कायद्याच्या अंगाने विचार करावा लागला.

सिद्धांतांचा इतिहास येथे थोडक्यात सांगतो, कारण तेथे अजून निकाल लागलेला नाही. डीएनएच्या रचनेच्या शोधात सहभागी असलेले फ्रान्सिस क्रिक यांनी 1990 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कोख यांच्यासह जाणिवेचा मेंदूतला ठावठिकाणा प्रयोगाने शोधावा, असे आग्रहाने मांडले आणि विषयाला प्रतिष्ठा आली. पेशींचे व्यवहार समजले तरी अनुभव का होतो हे उरतेच, असा आक्षेप तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी घेतला. पंचवीस वर्षांत ठावठिकाणा लागेल, अशी पैज कोख यांनी 1998 मध्ये त्यांच्याशी लावली, आणि 2023 मध्ये हार मान्य करून वाइनच्या बाटल्या दिल्या. दोन प्रमुख सिद्धांतांना समोरासमोर उभे करणारा 256 जणांवरील प्रयोग 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही सिद्धांतांची काही भाकिते चुकली.

रुग्णशय्येजवळ मात्र काम पुढे सरकले आहे. 2006 मध्ये केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन यांनी 23 वर्षांच्या एका तरुणीला एमआरआय यंत्रात ठेवून सांगितले की, आपण टेनिस खेळतो आहोत अशी कल्पना कर. अपघातानंतर पाच महिने ती कशालाच प्रतिसाद देत नव्हती, तरी तिच्या मेंदूत निरोगी माणसाप्रमाणे हालचालीचे नियोजन करणारा भाग उजळला. घरात खोल्याखोल्यांतून फिरण्याची कल्पना करायला सांगितल्यावर वेगळे, जागांची ओळख ठेवणारे भाग उजळले. 2024 मध्ये अनेक केंद्रांच्या अभ्यासात आज्ञेला बाहेरून काहीच प्रतिसाद न देणाऱ्या 241 रुग्णांपैकी 60 जणांचा मेंदू ती आज्ञा पाळताना आढळला. अशा खोलीत रुग्णाच्या देखत त्याच्याविषयी काय बोलावे, याचा विचार मी तेव्हापासून करतो.

असे यंत्र सगळीकडे हाताशी नसते, पण आरसा असतो. 2009 च्या एका अभ्यासात, भान नाही असे उपचार करणाऱ्यांनी एकमताने ठरवलेल्या 44 रुग्णांपैकी 18 जणांमध्ये पद्धतशीर तपासणीत भानाच्या खुणा सापडल्या, आणि अशा तपासणीत नजर फिरते का हे पाहायला आरसा वापरतात, कारण दुसऱ्या वस्तूपेक्षा स्वतःच्या चेहऱ्यामागे डोळे लवकर जातात. एका पाहणीवर विसंबू नये, दोन आठवड्यांत निदान पाच वेळा पाहावे, असे अभ्यासक सांगतात. नवव्या दिवशी निवासी डॉक्टरांनी भावाच्या चेहऱ्यासमोर हातभर आकाराचाही नसलेला एक साधा आरसा धरून सावकाश डावीकडे नेला. डोळे हलले नाहीत. दहाव्या दिवशी सकाळी डावीकडे हलले नाहीत, उजवीकडे हलले. संध्याकाळी पुन्हा हलले, आणि डॉक्टरांनी मावशीला आत बोलावून आरसा तिच्या हातात दिला.