नळीच्या तोंडाला फ्रेंचमध्ये काय म्हणतात?

सुट्या भागांच्या इंग्रजी यादीत ‘फ्लेअर नट, ४५°’ एवढीच ओळ असते, आणि फ्रेंच अनुवादक नेमका तिथं अडतो. फ्लेअर म्हणजे नळीचं तोंड कर्ण्यासारखं फाकवणं, आणि ४५° हा त्या फाकण्याचा कोन. ती फाकलेली कड नट घट्ट दाबून धरतो, म्हणून सांधा गळत नाही. फ्रेंचमध्ये या तोंडाला जुने नळकारागीर ‘कोले बात्यू’ म्हणतात, म्हणजे ठोकून काढलेली कॉलर. कागदोपत्री ते ‘एव्हाझे’, म्हणजे फाकवलेलं, असतं. फ्रीज-एसीवाले मात्र सरळ ‘फ्लेअर’ म्हणून मोकळे होतात.

गंमत अशी, की मोटारीची भाषा मुळात फ्रेंचच. गॅरेज, चासी, शोफर हे शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत गेले आणि तिथून आपल्याकडे आले. नळ्या जोडायचं कसब मात्र मोटारीच्याही आधीचं, बॉयलरच्या काळातलं. रिचर्ड दजन हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये कारखाना चालवणारा कारागीर. १८५१ मध्ये त्यानं हायड्रॉलिक जॅकचं पेटंट घेतलं. बॉयलरच्या नळ्या आतून रुळांनी फुगवून पत्र्यात घट्ट बसवायचं हत्यारही त्याच्याच नावावर आहे. फ्रेंच कारागिरांनी त्या हत्याराला त्याचंच नाव दिलं आणि त्यावरून ‘द्युजोने’ हे क्रियापदही पाडलं. आज तांब्याच्या नळीचं तोंड फाकवायच्या साध्या हत्यारालाही फ्रान्समध्ये याच कुळातलं नाव आहे. इंग्रजी कोशात हा शब्द शोधायला जावं, तर हाती लागतो ‘रुसवा’!

मोटारीत बारीक नळ्यांचं जाळं आलं ते मुख्यतः ब्रेकमुळे. सुरुवातीचे ब्रेक दांड्यांनी आणि तारांनी ओढले जात. माल्कम लॉकहीडनं द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक बनवले. १९२१ च्या ड्यूझेनबर्ग गाडीला चारही चाकांवर असे ब्रेक होते. फ्रान्समध्ये सिट्रोएनच्या १९३४ च्या ‘त्राक्सियों आव्हां’ गाडीलाही हायड्रॉलिक ब्रेकच होते. तिकडच्या जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी ब्रेक ऑइलचं नावच ‘लॉकहीड’ होऊन बसलं. रबरी नळीचंही तसंच. ‘द्युरीत’ हे मूळचं व्यापारी नाव, आता ते कुठल्याही रबरी होजला चालतं.

खरी तारांबळ उडते ती साध्या शब्दांपाशी. एल्बोला ‘कूद’, म्हणजे कोपरच. निपलला ‘मामलों’, त्याचाही अर्थ तोच. मेल-फिमेलही जसंच्या तसं. इथवर सगळं सुरळीत गेलं, की अनुवादक बेसावध होतो. मग नटला ‘न्वा’ लिहून बसतो, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अक्रोड येतो. नटला फ्रेंचमध्ये ‘एक्रू’ म्हणतात. ब्रेकमधली हवा काढण्याला इंग्रजीत ‘ब्लीड’ म्हणतात. फ्रेंचमध्ये मात्र ब्रेकला रक्तस्राव होत नाही, त्याला जुलाब देतात: ‘प्युर्जे’. सगळ्यांत फसवा शब्द ‘ज्वँ’. इंग्रजी ‘जॉइंट’ त्यातूनच आला, पण फ्रेंच मेकॅनिक ‘ज्वँ’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला गॅस्केट किंवा सील हवं असतं. सांधा जोडणाऱ्या तुकड्याला तो ‘राकोर’ म्हणतो. ‘फेरूल’ म्हणजे नळीवर आवळायचं छोटं कडं. त्याची कथा तर परत न आलेल्या पाहुण्याची. जुन्या फ्रेंचमधला ‘व्हिरोल’ इंग्रजीत गेला, तिथं लॅटिनमधल्या लोखंडाच्या शब्दाशी मिसळून त्याचा फेरूल झाला. फ्रेंचमध्ये ‘व्हिरोल’ अजून आहे, पण त्या कड्याला फ्रेंच नळकारागीर ‘ऑलीव्ह’ म्हणतात. ब्रिटिश प्लंबरही तेच म्हणतात.

अटलांटिकपलीकडे प्रश्न निराळा होता. कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताच्या गॅरेजांत माणसं फ्रेंच बोलत, पण गाड्या, कॅटलॉग आणि मालक इंग्रजी. त्यामुळे ब्रेक, मफलर, बंपर, फिटिंग हे सगळे शब्द फ्रेंच वाक्यांत इंग्रजीतच बसलेले. मॉन्ट्रिअलजवळच्या सँत-तेरेजला जनरल मोटर्सचा कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला. १९७० मध्ये तिथल्या कामगारांनी संप केला, तेव्हा फ्रेंचमध्ये काम करू द्या ही त्यांची एक मागणी होती. पुढं २६ ऑगस्ट १९७७ ला क्वेबेकचा भाषा कायदा आला. फ्रेंचमध्ये काम करण्याचा हक्क त्यात आहेच, शिवाय माहितीपत्रकं आणि कॅटलॉगही फ्रेंचमध्ये हवेत, असं बंधन त्यानं घातलं. अशा कामांना लागणारे शब्द ठरवायला १९६१ पासूनचं सरकारी भाषा कार्यालय होतंच. फ्रान्सचा तूबाँ कायदा बराच नंतरचा, ४ ऑगस्ट १९९४ चा. वापराच्या सूचना आणि हमीपत्रं फ्रेंचमध्ये हवीत, हे त्यातही आहे. पण एसीवाल्यांचा ‘फ्लेअर’ त्यानंतरही फ्रान्समध्ये टिकून राहिला.

माझ्या मते इथं शब्दापेक्षा कोन महत्त्वाचा. अमेरिकी मोटारींत ४५°, तर विमानं आणि अवजड हायड्रॉलिक्समध्ये ३७°. शिवाय ब्रेकच्या नळीला दुहेरी घडीचं तोंड असतं किंवा बुडबुड्यासारखं फुगीर, आणि ही दोन एकमेकांत बसत नाहीत, बसवली तर ब्रेक ऑइल गळतं. म्हणून जाणता अनुवादक कोश उघडण्याआधी दोन गोष्टी मागून घेतो: त्या भागाचं ड्रॉइंग, आणि माल फ्रान्समधल्या लियोंला जाणार की मॉन्ट्रिअलला, याचं उत्तर.