वेट ब्लास्टिंग

पाण्यात मिसळलेले अपघर्षक (घासून काढणारे) कण दाबाच्या हवेने धातूच्या पृष्ठभागावर मारून त्यावरचा मळ, काजळी, ऑक्साइडचा थर किंवा जुना रंग काढण्याच्या पद्धतीला वेट ब्लास्टिंग म्हणतात. वर्कशॉपमध्ये ती वेपर ब्लास्टिंग या नावानेही ओळखली जाते. कोरड्या सँडब्लास्टिंगमध्ये कण वाहून नेण्याचे काम एकटी हवा करते. येथे हवेच्या जोडीला पाणी असते, आणि या पद्धतीचे जवळपास सगळे गुण-दोष त्या पाण्यापासूनच उद्भवतात.

यंत्र म्हणजे काचेची खिडकी आणि आत हात घालण्यासाठी रबरी हातमोजे बसवलेले बंद कॅबिनेट. त्याच्या तळाशी निमुळत्या टाकीत पाणी व कण यांचे मिश्रण असते. पंप ते सतत ढवळत ठेवतो आणि गनकडे पाठवतो. गनमध्ये कंप्रेसरची हवा शिरली की मिश्रणाला वेग येतो. सुट्या भागांच्या सफाईसाठी हवेचा दाब साधारणपणे २ ते ६ बार ठेवतात. कण धातूवर आपटताना भोवतालचे पाणी धक्क्याचा काही भाग शोषून घेते आणि पृष्ठभागावरून वाहून जाताना सुटलेली घाण सोबत नेते. ॲल्युमिनियमच्या भागांसाठी बहुधा काचेचे गोल मणी, म्हणजे ग्लास बीड, वापरतात. अधिक कापणारा मारा हवा असेल तर टोकदार ॲल्युमिनियम ऑक्साइड घेतात. कोरड्या यंत्रात ज्यांच्या गुठळ्या होतात किंवा ज्यांचा नुसता धुरळा उडतो असे अतिबारीक कणही पाण्यात सहज वाहतात, त्यामुळे नाजूक कामाला बराच वाव मिळतो. कार्बाइड या अतिकठीण पदार्थाच्या कापणाऱ्या हत्यारांवर लेप चढवण्याआधी त्यांची धार किंचित गोलसर करण्यासाठी ही पद्धत वापरतात ती याच कारणाने.

धूळ दबणे हा तिचा सर्वांत मोठा फायदा होय. अमेरिकेत बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० मध्ये वाळूच्या माऱ्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून ही कला कारखान्यांत पसरली आणि तिच्यामागोमाग वाळूतल्या सिलिकाच्या बारीक धुळीने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा बरा न होणारा रोगही पसरला. ब्रिटनमध्ये १९४९ च्या नियमांनी ओतीव वस्तूंच्या अशा सफाईसाठी सिलिकायुक्त वाळू वापरण्यास बंदी घातली. भारतात कारखाने अधिनियम, १९४८ ने सिलिकोसिसचा समावेश सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत केला होता. ओल्या माऱ्यात धूळ पुष्कळ कमी होते, पण ती नाहीशी होते असे मानणे धोक्याचे आहे: बारीक तुषारांबरोबर कण उडतात, आणि जमिनीवर सांडलेला गाळ वाळल्यावर झाडताना तीच धूळ पुन्हा हवेत जाते. म्हणून ‘पाणी आहे, मग नदीची वाळू चालेल’ हा अनेक ठिकाणी ऐकू येणारा युक्तिवाद टिकत नाही.

दुसरा फायदा पृष्ठभागाच्या प्रतीचा. टोकदार कणांचा कोरडा मारा धातू खरवडतो, कणांचे तुकडे त्यात रुतवतो आणि पृष्ठभाग इतका खरखरीत करतो की त्यावर पुढे तेलाचे डाग बसतात. ओल्या ग्लास बीडने पृष्ठभाग खरवडण्याऐवजी किंचित दाबला जातो. परिणामी मंद, एकसारखी चमक येते आणि मापातही नगण्य फरक पडतो. भाग फारसा तापत नसल्याने पातळ पत्रा वाकण्याची भीती कमी असते. मण्यांना पाण्याची गादी मिळाल्यामुळे तेही कमी फुटतात.

जुन्या मोटारसायकलच्या ॲल्युमिनियम क्रँककेसचे, म्हणजे इंजिनचा फिरता दांडा सामावणाऱ्या कवचाचे, उदाहरण घेतले तर या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिच्यातला खरा धोका दोन्ही एकत्र दिसतात. वर्षानुवर्षांचा काळपट थर, फिन्समध्ये (थंडाव्यासाठीच्या पातळ पट्ट्यांमध्ये) अडकलेली माती आणि पांढरे ऑक्साइडचे डाग काही मिनिटांत जातात व ओतकामाचा मूळ पोत उघडा पडतो. मात्र त्याच क्रँककेसमध्ये बेअरिंगपर्यंत तेल नेणाऱ्या अरुंद गॅलऱ्या असतात, आणि ग्लास बीड त्यांत गेले तर ते ओल्या गाळासारखे चिकटून बसतात. इंजिन सुरू झाल्यावर गरम तेल ते सोडवते आणि थेट बेअरिंगवर नेऊन टाकते. यासाठी बेअरिंगे व सील आधी काढावे लागतात, जाडसर ग्रीस धुऊन टाकावे लागते (नाहीतर मिश्रणच तेलकट होते), गॅलऱ्यांना रबरी बुचे व आट्यांच्या भोकांना जुने बोल्ट लावावे लागतात आणि बेअरिंगच्या बैठका झाकाव्या लागतात. माऱ्यानंतर बुचे काढून प्रत्येक गॅलरी गरम पाणी, नळीचा ब्रश आणि दाबाच्या हवेने साफ करायची, आंधळ्या (एका टोकाला बंद) भोकांत टॅप, म्हणजे आटे पाडण्याचे हत्यार, पुन्हा फिरवायचा, आणि गॅलरीच्या दुसऱ्या टोकाने बॅटरीचा उजेड टाकून पाहायचे. प्रत्यक्ष माऱ्यापेक्षा या तयारीला आणि धुलाईला जास्त वेळ लागतो. तो न धरता दिलेला दर फसवा असतो. कोरड्या माऱ्यातही कण आत जातात, परंतु सुके कण हवेने तुलनेने सहज निघतात.

लोखंड व साध्या पोलादाच्या बाबतीत मोठी अडचण गंजाची. उघड्या झालेल्या स्वच्छ धातूवर काही मिनिटांतच तांबूस झाक चढू शकते, आणि कोकणातल्या पावसाळ्यासारख्या दमट हवेत तर हा वेळ आणखी कमी होतो. पाण्यात गंजरोधक मिसळणे आणि भाग लगेच गरम हवेने वाळवणे हे उपाय असले, तरी गंजरोधकाचा थर शिल्लक राहिल्यास रंगाची पकड बिघडू शकते. क्षारयुक्त पाण्याने शेवटची धुलाई केली तर ॲल्युमिनियमवरही पांढरे ठिपके राहतात, म्हणून त्यासाठी क्षार काढलेले पाणी वापरतात.

जाड गंज, पोलादावरची मिल स्केल (गरम लाटताना बसलेला ऑक्साइडचा कठीण थर) किंवा चिवट पावडर कोटिंग काढायचे असेल तर ग्लास बीडचा ओला मारा संथ पडतो. जाड संरक्षक रंगासाठी लागणारा खडबडीतपणाही त्यातून मिळत नाही. तेथे टोकदार कणांचा, बहुधा कोरडा, मारा अधिक उपयोगी ठरतो. मॅग्नेशियमच्या भागांबाबत विशेष सावधगिरी लागते, कारण त्याचा बारीक चुरा पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन सोडतो.

यंत्राची किंमत आणि देखभाल कोरड्या कॅबिनेटपेक्षा जास्त असते. अपघर्षक मिश्रणच पंपातून, नळ्यांतून व नोझलमधून फिरत असल्याने हे सर्व भाग झिजतात. रात्रभर बंद राहिलेल्या टाकीत मणी तळाशी घट्ट बसतात आणि ते ढवळून मोकळे केल्याशिवाय पंप चालत नाही. वापरलेले पाणी गाळून पुन्हा घेता येते, पण उरलेल्या गाळात भागांवरून निघालेले सगळे काही असते. जुन्या रंगातले शिसे किंवा मुलाम्यातले कॅडमियम त्यात असल्यास तो गाळ गटारात सोडता येत नाही. घातक कचऱ्यासाठीच्या २०१६ च्या नियमांनुसार त्याची वेगळी साठवण करून तो अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे पाठवावा लागतो.