ह्यूस्टन बदललं ते तेलाचा भाव आपटला तेव्हा

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनचा विषय निघाला की सगळे एकच गोष्ट सांगतात, तेल सापडलं, पैसा आला, जगभरातून माणसं आली, झालं शहर मोठं. अर्धंच खरं आहे हे. मोठं झालं तेलामुळे, कबूल, पण आज तिथे जी माणसं दिसतात ना, २०२०च्या जनगणनेत साधारण ४४ टक्के लॅटिनो, २४ टक्के गोरे, २२ टक्के कृष्णवर्णीय आणि ७ टक्के आशियाई, ही मिसळ भरभराटीच्या काळात जमलेली नाही, ती जमली मंदीत. मला इथे राहायला येऊन पाच-सहा वर्षं झाली तरी हे माहीत नव्हतं. म्हणून जरा मागून सांगतो.

१८३६ साली ऑगस्टस आणि जॉन ॲलन या दोन भावांनी बफेलो बायू नावाच्या संथ, गढूळ ओढ्याच्या काठी जमीन घेतली आणि प्लॉट पाडून विकायला काढले. टेक्सास मेक्सिकोपासून सुटलं ती सॅन जॅसिंटोची लढाई होऊन जेमतेम चार महिने झाले होते, तिथला विजयी सेनापती सॅम ह्यूस्टन, त्याचंच नाव गावाला देऊन टाकलं म्हणजे गिऱ्हाईक येईल. पेपरात जाहिरात दिली की इथली हवा छान, समुद्राचा वारा येतो, तब्येतीला एकदम उत्तम. आपल्याकडचे 'स्टेशनपासून पाच मिनिटं'वाले बिल्डर यांच्यापुढे काहीच नाहीत, कारण प्रत्यक्षात तिथे दलदल, मरणाचा दमट उकाडा आणि डास. दोनच वर्षांत धाकटा जॉन अठ्ठाविसाव्या वर्षी तापानेच गेला आणि १८३९मध्ये पिवळ्या तापाची जोरदार साथ आली.

वस्तीत गुलाम म्हणून आणलेली कृष्णवर्णीय माणसं पहिल्यापासून होती. १९ जून १८६५ला जवळच्या गॅल्व्हेस्टन बेटावर त्यांच्या मुक्ततेचा हुकूम वाचला गेला (जूनटीन्थची सुट्टी ती हीच) आणि आसपासच्या मळ्यांवरून सुटलेली कुटुंबं चालत चालत ह्यूस्टनला आली, फोर्थ वॉर्डात फ्रीडमेन्स टाऊन वसवलं. १८७२मध्ये या लोकांनी वर्गणी काढून जूनटीन्थ साजरा करायला स्वतःची जमीन घेतली, ८०० डॉलरला. तो इमॅन्सिपेशन पार्क थर्ड वॉर्डात अजून आहे. पुढे लुइझियानातून फ्रेंच बोलणारे क्रिओल लोक आले, त्यांचं फ्रेंचटाऊन फिफ्थ वॉर्डात. मेक्सिकोत १९१०ला क्रांती पेटली तशी तिकडची माणसं रेल्वे आणि बंदराच्या कामाला आली आणि मॅग्नोलिया पार्क, सेगुंडो बॅरिओ अशा वस्त्या झाल्या. म्हणजे गोऱ्यांशिवाय इतर कोणी नव्हतंच असं कधीच नव्हतं, फक्त ज्याने त्याने आपापल्या वॉर्डात राहायचं असा अलिखित आणि बऱ्याचदा लिखित नियम होता.

१९०० साली ह्यूस्टनची लोकसंख्या फक्त ४४ हजार. त्याच वर्षी सप्टेंबरात चक्रीवादळाने गॅल्व्हेस्टन धुऊन नेलं, किमान सहा हजार माणसं गेली, आणि चार महिन्यांत, १० जानेवारी १९०१ला, ब्युमॉन्टजवळ स्पिंडलटॉपला तेलाचं कारंजं उडालं. शेजारचं बंदर मोडलं आणि शेजारच्या गावात तेल निघालं, नशीब म्हणतात ते हेच. ह्यूस्टनवाल्यांनी मग तो गढूळ ओढा खणून समुद्रापर्यंत मोठ्या बोटींचा मार्ग केला, १९१४मध्ये त्याचं उद्घाटन झालं, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये बसून बटण दाबलं आणि इकडे तोफ उडाली. १९३०पर्यंत शहर २ लाख ९२ हजारांवर. मग घराघरात एसी आला, १९६१मध्ये नासाचं केंद्र जाहीर झालं, १९६०ला ९ लाख ३८ हजार, १९८०ला जवळजवळ १६ लाख.

आता इथे एक गोम आहे आणि आकडे बघताना ती हमखास सुटते. हे सगळे आकडे माणसं आल्याचे नाहीत, बरेचसे जमीन गिळल्याचे आहेत. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे मोठ्या शहराला आजूबाजूचा भाग तिथल्या लोकांना न विचारता हद्दीत घेता यायचा. १९४९च्या एका फटक्यात ह्यूस्टनचं क्षेत्रफळ दुप्पट झालं, पुढेही हे चालूच राहिलं. पुणेकरांना वेगळं समजवायला नको, समाविष्ट गावं म्हणजे काय ते २०१७ला ११ आणि २०२१ला २३ गावं महापालिकेत आली तेव्हा बघितलंच आहे, टॅक्स आधी आणि पाणी नंतर. इथेही तीच बोंब. १९९६मध्ये किंगवूड नावाचं सधन उपनगर असंच ओढून घेतलं तेव्हा लोक इतके चिडले की नंतर विधिमंडळाने शहरांच्या या अधिकाराला वेसण घातली. तोवर शहर बृहन्मुंबईच्या पावणेतीनपट पसरलेलं होतं आणि माणसं मात्र मुंबईच्या पाचव्या हिश्श्याइतकीही नाहीत. दुधाची पिशवी आणायलाही गाडी काढावी लागते ती उगाच नाही.

तर १९६०चं चित्र असं, ह्यूस्टन ज्यात येतं त्या हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) जवळपास ७४ टक्के गोरे, २० टक्के कृष्णवर्णीय, ६ टक्के हिस्पॅनिक, म्हणजे वर म्हटलेले लॅटिनोच, आणि आशियाई म्हणजे नावापुरते. कारण सरळ होतं, १९२४पासून अमेरिकेत येणाऱ्यांसाठी देशवार कोटे ठेवून आशियातल्यांना जवळजवळ दारच बंद केलेलं. ते उघडलं १९६५च्या स्थलांतर कायद्याने, सही केली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी. (हे गृहस्थ तरुणपणी ह्यूस्टनच्याच एका हायस्कूलमध्ये वर्षभर मास्तर होते.) कायदा झाला तरी सत्तरच्या दशकात मुख्य लोंढा होता तो देशातल्याच गोऱ्यांचा, मिशिगन-ओहायोकडचे कारखाने बसले आणि लोक गाडीत सामान टाकून तेलाच्या नोकरीला इकडे. त्यांच्यासाठी नैऋत्येला गल्फ्टन भागात अपार्टमेंटचे ढीग उभे राहिले, स्विमिंग पूल, क्लबहाऊस, डिस्को, तरुण आणि बिनलग्नाच्यांसाठी सगळं. झोनिंग नाही, कुठे काय बांधायचं याला फारशी आडकाठी नाही. मतदानाला आलं तेव्हाही लोकांनी झोनिंग नको म्हणून सांगितलं, १९४८, १९६२ आणि १९९३, तिन्ही वेळा.

आणि मग १९८२पासून तेल उतरायला लागलं. पस्तीस डॉलरच्या आसपासचं पिंप १९८६मध्ये दहा डॉलरच्या घरात. शहरातल्या दोन लाखांवर नोकऱ्या गेल्या, लोक घराच्या किल्ल्या बँकेला देऊन निघून गेले. गल्फ्टनचे मालक हवालदिल, एका कॉम्प्लेक्सने तर टीव्हीवर जाहिरात केली की भाड्याने घर घ्या आणि व्हीसीआर फुकट न्या. तरी खोल्या रिकाम्याच. त्याच वेळी एल साल्वाडोर आणि ग्वाटेमालात यादवी चालू होती, जीव वाचवून पळालेली कुटुंबं टेक्सासला पोचत होती. मालकांनी पाट्या स्पॅनिशमध्ये केल्या, अटी सैल केल्या, आणि एका माणसासाठी बांधलेल्या खोल्यांत पाच-सहा जणांची कुटुंबं राहायला लागली. ज्या भागात शाळेची गरज पडेल असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं तिथे पोरंच पोरं.

खरा आकडा इथे आहे. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ह्यूस्टनची लोकसंख्या १५ लाख ९५ हजारांवरून फक्त १६ लाख ३० हजार झाली, म्हणजे जेमतेम दोन टक्के वाढ, वरवर बघणारा म्हणेल काहीच घडलं नाही. पण त्याच दहा वर्षांत हिस्पॅनिकांचा वाटा साडेसतरा टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर गेला. बेरीज तीच, माणसं बदलली. राइस विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ स्टीफन क्लाइनबर्ग यांनी १९८२लाच दरवर्षीचा सर्व्हे सुरू केला आणि नेमका हाच बदल त्यात पकडला गेला, तेव्हापासून काउंटीत गोऱ्यांची संख्या वाढायची थांबली आणि पुढची जवळपास सगळी वाढ इतरांची.

व्हिएतनामी त्याआधीच आले होते, १९७५ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडल्यावर. दमट हवा, भात, कोळंबी, गल्फचा किनारा त्यांना घरच्यासारखा. पण गॅल्व्हेस्टन बेमधल्या गोऱ्या कोळ्यांना ते खुपायला लागले, बोटी जाळल्या गेल्या, १९८१मध्ये कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेचे लोक झगे घालून आणि बंदुका घेऊन बोटीतून खाडीत गस्त घालत फिरले. व्हिएतनामी कोर्टात गेले आणि केस आली न्यायाधीश गॅब्रिएल मॅकडोनाल्ड यांच्यापुढे, टेक्सासच्या पहिल्या कृष्णवर्णीय फेडरल जज, आणि त्यांनी क्लानला मनाई हुकूम दिला. आज बेलेअर बुलेवार्डवर मैलोनमैल व्हिएतनामी आणि चिनी पाट्या आहेत आणि लसूण-लोण्यात घोळवलेलं व्हिएतनामी पद्धतीचं क्रॉफिश (कोळंबीसारखाच एक प्रकार) हीच ह्यूस्टनची खासियत मानतात. २००५मध्ये कतरिना चक्रीवादळानंतर न्यू ऑर्लिन्सचे लाखांवर लोक आले तेही बरेच इथेच राहिले. नायजेरियनही इथे खूप, पण त्यांच्यावर वेगळं लिहायला हवं.

आपले लोक पासष्टच्या कायद्यानंतर आले, आधी डॉक्टर, इंजिनियर, मग नव्वदीनंतर आयटीवाले. हिलक्रॉफ्ट रस्त्यावर साड्यांची, दागिन्यांची, किराण्याची दुकानं, २०१०पासून त्या भागाचं नावच महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट. हा हिलक्रॉफ्ट गल्फ्टनला अगदी लागून, त्यामुळे शनिवारी मी जिथे भाजी घेतो तिथला वजन करणारा पोरगा होंडुरासचा आहे. तो ढिगातून नेमकी कोवळी भेंडी वेचून देतो, मोडून वगैरे बघतो, आणि गुजराती मावशींशी भाव करताना 'ताजी ताजी' म्हणतो. मला एकदा विचारलं, मेथी संपलीये, शेपू चालेल का. शेपू हा शब्द त्याला कुठल्या मराठी बाईने शिकवला देव जाणे.

आता मात्र वाढ शहराच्या बाहेर सरकलीये. २०२०ला शहर २३ लाख आणि सगळा महानगर भाग ७१ लाख. शेजारच्या फोर्ट बेंड काउंटीत गोरे, लॅटिनो, आशियाई, कृष्णवर्णीय असे चारही गट पाव-पाव म्हणावेत इतके जवळ आलेत, आणि २०१८मध्ये तिथे काउंटीचे प्रमुख म्हणून निवडून आले के. पी. जॉर्ज, जन्म केरळचा. आम्ही राहतो ते शुगर लँड तिथलंच, आपल्या फलटणजवळ साखरवाडी आहे ना, नावाचा अर्थ डिट्टो तोच, आणि इथेही साखर कारखाना होता, २००३ला बंद पडला. त्याच्या आसपास आता आपली सगळी मंडळी, गणपतीला पार्किंग मिळत नाही.

२०१८मध्ये इथल्या एका नव्या शाळेसाठी पाया खणताना सांगाडे सापडले, एकूण ९५. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर तुरुंगातली कृष्णवर्णीय माणसं ऊस तोडायला मळेवाल्यांना भाड्याने द्यायचे, ती ही माणसं, खूण नसलेल्या खड्ड्यांत पुरलेली. सगळ्यात लहान होता तो जेमतेम चौदा वर्षांच्या आसपासचा. पुढच्या वर्षी त्यांना तिथेच पुन्हा पुरलं. माझ्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर आहे, रोज त्या रस्त्याने जातो.