पहिला फिश टँक: आधी जिवाणू पाळा, मग मासे

फिश टँक घ्यायचा म्हटलं की सगळ्यांचं लक्ष आधी माशांवर, मग लाइटवर, मग ते बुडबुडे सोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या शिंपल्यावर, अन् फिल्टर? तो दुकानदार देईल तो. बजेट कमी असेल तर हा क्रम उलटा करा बाप्पा.

मासा खातो अन् कल्ल्यांतून सरळ अमोनिया बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो, पण दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ भरलं तरी 56 लिटर पाणी, तिथं तो साचतच जातो. पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली याचं माप) 7 वरून 8 झाला की त्याच अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो, म्हणून बोअरचं जड, खारं पाणी वापरत असाल तर जास्त सांभाळून.

यातून सोडवतात ते जिवाणू. काही जण अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. मधलं नायट्राइटही वाईटच, ते रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी करतं, कल्ले तपकिरी पडतात अन् पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा वर येऊन तोंड उघडमीट करत राहतो. नायट्रेट मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी. बरेच दिवस समज होता की या दोन टप्प्यांना दोन वेगळे जिवाणू लागतातच, पण 2015 मध्ये नायट्रोस्पायरा गटातले काही जिवाणू दोन्ही कामं एकट्यानं करताना सापडले, अन् त्यातले काही तर मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच!

हे जिवाणू पाण्यात कमी अन् स्पंजला, रेतीला चिकटून जास्त राहतात, अन् वाढतात अगदी सावकाश. म्हणून साधा स्पंज फिल्टर अन् छोटा एअर पंप घ्या, महागड्या फिल्टरची गरज नाही. टँक भरा, फिल्टर चालू करा, माशाशिवायच रोज चिमूटभर खाद्य टाकून सडू द्या अन् टेस्ट किटनं बघत राहा. अमोनिया अन् नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मासे आणा, तेही एकदम सगळे नाही. याला चार ते सहा आठवडे जातात, पोट्टे रोज विचारतील मासे कधी येणार, विचारू द्या. ओळखीत कोणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या स्पंजचा तुकडा मागून आणा, वेळही वाचतो अन् फुकटात काम होतं.

नळाचं पाणी, आपल्या नागपुरात पेंच नदीचं असो की कन्हानचं, त्यात क्लोरीन असतं, तेच आपल्या जिवाणूंना मारतं. उघड्या बादलीत दिवसभर ठेवा नाहीतर दुकानातलं अँटी-क्लोरीन टाका. अन् स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. तळाला बांधकामाची रेती चालते, पाणी नितळ येईपर्यंत धुतलेली. पांढरे मार्बलचे तुकडे नको, त्यानं पाणी अजून जड होतं.

मासे म्हणाल तर गप्पी. महापालिका डासांच्या अळ्या खायला सोडते तेच, काटक अन् स्वस्त. गोल्डफिश नको, तो वीतभर वाढतो अन् घाणही तशीच करतो.

आता खरी अडचण, मे महिना. 25 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 अंशाला 7 च्या आसपास, अन् गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. चिलर घ्यायची गरज नाही, आपल्या कूलरचंच तत्त्व वापरा: झाकण काढून वर जाळी ठेवा अन् छोटा पंखा पाण्यावर तिरपा लावा. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेतं, म्हणजे बाहेरून उष्णता आलीच नाही तर 56 लिटर पाणी जवळपास 10 अंशांनी उतरेल. खोलीतून उष्णता येत राहते म्हणून प्रत्यक्षात दोन-चार अंशच पडतात, पण तेवढं पुरतं. नागपूरची कोरडी हवा इथं कामाला येते, पावसाळ्यात हा जुगाड तितका चालत नाही.

फक्त उडतं ते नुसतं पाणी, क्षार अन् नायट्रेट टँकमध्येच राहतात. त्यामुळे कमी झालेलं पाणी रोज भरलं तरी आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढून नवीन टाकायचंच.