बोधनिक वर्तनोपचारातील जिव्हाळा

बोधनिक वर्तनोपचार, म्हणजेच सीबीटी, ही संवादातून चालणारी मानसोपचार पद्धती आहे. प्रसंग घडताच मनात चटकन येणारा विचार, त्यामागून येणारी भावना, छातीतली धडधड आणि मग माणूस जे करतो किंवा टाळतो, ही साखळी शोधून ती बदलण्यावर तिचा भर असतो. चिंता, नैराश्य, पॅनिक अटॅक, मंत्रचळ (ओसीडी), निद्रानाश अशा तक्रारींसाठी ती वापरली जाते. ‘सीबीटी म्हणजे तक्ते भरायचे’ असा समज बराच पसरला आहे. तक्ते असतातच, पण समोरच्या माणसाविषयी विश्वास वाटला नाही तर त्या तक्त्यात कोणी खरे लिहीत नाही.

फिलाडेल्फियातील मनोविकारतज्ज्ञ आरन बेक (१९२१–२०२१) यांनी १९६०च्या दशकात ही पद्धती घडवली. त्याआधी, १९५०च्या दशकात, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी अविवेकी समजुतींना आव्हान देणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली होती. महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली. उपचारकाच्या जिव्हाळ्याला किती महत्त्व द्यायचे, याबाबत तज्ज्ञांचे एकमत नव्हते. समानुभूती, सच्चेपणा आणि विनाअट आस्था एवढ्यानेच बदल घडतो, असे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडले. उपचारकाने फार माया लावली तर रुग्णाची मान्यतेची भूक वाढते, अशी एलिस यांची धास्ती. बेक आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मधली जागा घेतली: हे गुण हवेतच, पण तेवढ्याने भागत नाही. प्रत्यक्ष उपचार पाहिले की बेक यांचेच म्हणणे पटते.

सत्र साधारण ४५ ते ५० मिनिटांचे, बहुधा आठवड्यातून एकदा; नैराश्यासाठी १२ ते १६ सत्रे लागू शकतात. पहिल्या भेटीत त्रासाचा इतिहास विचारतात, कधी गेल्या दोन आठवड्यांविषयीची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात. पुढे प्रत्येक वेळी ‘आज कशावर बोलायचं?’ हे दोघे मिळून ठरवतात. शेवटी उपचारक विचारतो, ‘आज माझं काही खटकलं का?’ कोल्हापुरात डॉक्टरांपुढे ‘व्हय व्हय, बरं वाटलं’ म्हणून उठायची रीत आहे. चांगला उपचारक त्यावर समाधान मानत नाही. थोडे थांबून पुन्हा विचारतो, आणि खटकलेले सांगितले तर मनापासून ऐकतो.

हे प्रत्यक्षात कसे चालते, ते कल्पिलेल्या एका उदाहरणातून पाहू. कोल्हापुरात शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या एका गृहिणीच्या घरात २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी शिरले. तेव्हापासून जुलै लागला की त्या रात्रभर मोबाइलवर राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगा नदीची पातळी बघत बसतात. ‘मॅडम, ३९ फूट म्हटलं की पोटात गोळाच येतोय बघा. झोप लागली आणि पाणी आलं तर?’ इथे ‘ताई, काही होत नाही, काळजी करू नका’ असे म्हणणे खोटे ठरेल, कारण पाणी खरोखर आले होते. म्हणून उपचारक आधी ती रात्र नीट ऐकून घेते: कपाट कसे तरंगले, सासूबाईंना कोणी उचलले. मग दोघी वहीत दोन रकाने आखतात, एकात भीती काय सांगते आणि दुसऱ्यात आजवर काय घडले. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ३९ ला सामान माळ्यावर, आणि ४३ ची वाट न बघता सासूबाईंना नणंदेकडे न्यायचे, हे कागदावर ठरते. आता बघायची पातळी फक्त सकाळ-संध्याकाळ.

पुढच्या आठवड्याचा गृहपाठ असा: रात्री मोबाइल स्वयंपाकघरात ठेवायचा, पण इशाऱ्याचा फोन ऐकू येईल इतका आवाज मोठा. झोपण्याआधी ‘काय होईल असं वाटतं’ ते लिहायचे, उठल्यावर ‘काय झालं’ ते. पहिल्या दोन-तीन रात्री जीव टांगणीला लागतो. उपचारक हे आधीच सांगते, आणि गृहपाठ झाला नाही तर रागावत नाही. नेमके कुठे अडले ते शोधते. ‘तरी पण तुम्ही सांगा ना, येणार नाही ना पाणी?’ या प्रश्नाला ती हो म्हणत नाही, कारण तसा दिलासा घटकाभर टिकतो आणि पुन्हा मागावा लागतो. उत्तर न देताही जवळ बसून राहणे हा या उपचारातला सर्वांत अवघड जिव्हाळा आहे.

नात्याला हद्दही असते. ‘एकदा घरी जेवायला या, तांबडा-पांढरा करते’ हे आमंत्रण उपचारक प्रेमाने नाकारते. महाद्वार रोडवर गाठ पडली तर ती आपणहून ओळख दाखवत नाही. शेजारच्या बाईने ‘ह्या कोण?’ विचारू नये म्हणून. गोपनीयतेचा हक्क मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नेही दिला आहे. चार-पाच सत्रांनंतरही मोकळे बोलता येत नसेल, तर ते सांगावे, आणि तरीही जमत नसेल तर उपचारक बदलावा. त्यात कृतघ्नपणा नाही.

उपचारकाची पात्रता विचारायला संकोच नको. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. औषधे मनोविकारतज्ज्ञ देतात आणि गरजेनुसार दोन्ही उपचार एकत्र चालतात. कोल्हापुरात सरकारी सेवेसाठी छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. जीव नकोसा वाटत असेल तर पुढच्या सत्राची वाट पाहू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून बोलता येते.