कोकणी माणूस मुंबईला आगगाडीने गेला नाही

‘आगगाडी आली नि कोकणातली घरं मुंबईला जोडली गेली,’ हे वाक्य भाषणांत अजून सर्रास ऐकू येतं. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली हे खरं. पण रत्नागिरी जिल्ह्यात रूळ पोचायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ ला. तोवर मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संपही होऊन गेला होता!

चाकरमानी गेला तो बोटीने. जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत आगबोट जायची. बऱ्याच ठिकाणी ती धक्क्याला लागतच नसे. खोल पाण्यात उभी राहायची, आणि पेट्या, बोचकी, पोरंबाळं पडावातून, म्हणजे लहान होडीतून, तिच्यापर्यंत न्यायची, लाटांवर हेलकावे खात. पावसाळ्यात तर बोटी बंदच.

मग घर टिकलं कशावर? माझ्या मते टपालावर. १८७९ पासून पाव आण्याचं पोस्टकार्ड, १८८० पासून मनीऑर्डर. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी खुशाली लिहिता यायची. वाचता न येणाऱ्या घरात ती पोस्टमनच वाचून दाखवायचा, त्यामुळे कुणाचे पैसे आले नि कुणाचे थकले, हे त्याला आधी कळायचं.