क्वांटचा डाउट पाठवताय? सोबत रफ पान जोडा

(जीआरई, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा; तिच्या क्वांटची, म्हणजे गणिताच्या भागाची, तयारी आमच्याकडे करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, आणि फी भरण्याआधी चौकशी करणाऱ्यांसाठीही)

रात्री साडेनऊ वाजले की आमच्या डाउटच्या नंबरवर फोटो यायला लागतात. दिवसभर कॉलेज किंवा नोकरी करून तुम्ही तेव्हाच वही उघडता, त्यामुळे वेळेबद्दल तक्रार नाही. अडचण फोटोची आहे. त्यात फक्त छापील गणित असतं आणि खाली एक ओळ: 'मॅडम, हे कसं करायचं?' तुम्ही काय केलं, कुठवर गेलात, उत्तर काय आलं, यातलं काहीच नसतं. या एका सवयीपायी तुमचा एक अख्खा दिवस जातो, आणि आमचाही.

परीक्षेचा ढाचा तुम्हाला माहीत आहे, तरी वेळेचे आकडे एकदा डोळ्यांपुढे ठेवा. सप्टेंबर २०२३ मध्ये जीआरई छोटी झाली. क्वांटच्या पहिल्या सेक्शनमध्ये १२ गणितं २१ मिनिटांत, दुसऱ्यात १५ गणितं २६ मिनिटांत. म्हणजे एका गणिताला पावणेदोन मिनिटं. पहिला सेक्शन कसा गेला यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. अभ्यासक्रमात त्रिकोणमिती नाही, कॅल्क्युलस नाही. अंकगणित, बीजगणित, भूमिती, आलेख-तक्ते आणि सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन, संभाव्यता यांसारखं थोडं संख्याशास्त्र, एवढंच. इंजिनिअरिंगचं एम-थ्री (तिसरा गणिताचा पेपर) पास झालेला विद्यार्थी पहिल्या दिवशी पुस्तक चाळतो आणि म्हणतो, 'हे तर दहावीचं आहे.' बरोबर आहे, बरंचसं दहावीचंच आहे. म्हणूनच 'कसं करायचं' हा तुमचा खरा प्रश्न क्वचितच असतो. रीत तुम्हाला येत असते. पाय कुठे घसरला ते शोधायचं असतं, आणि छापील गणिताच्या फोटोत ते दिसत नाही.

एका रात्रीची गोष्ट सांगते, कारण आमचा नियम तिथून सुरू झाला. एका विद्यार्थ्यानं मिश्रणाचं गणित पाठवलं. ४० लिटर द्रावणात २० टक्के आम्ल आहे, ते ५० टक्के व्हायला आणखी किती लिटर शुद्ध आम्ल घालावं लागेल? सोबत 'उत्तर येत नाहीये' एवढंच. मी बसून सगळं लिहिलं: सुरुवातीचं आम्ल ८ लिटर, घालायचं आम्ल क्ष, मग ८ + क्ष बरोबर ४० + क्ष च्या निम्मे, त्यावरून क्ष = २४. टक्क्यांची उजळणीही जोडली. पूर्ण पानभर झालं. फोटो काढून पाठवला तेव्हा अकरा वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला. त्याच्या वहीत या गणिताच्या दोनच ओळी होत्या: 'पाणी ३२ लिटर, ते बदलत नाही. ३२ म्हणजे निम्मे, एकूण ६४.' किती सुंदर रीत! माझ्यापेक्षा आखूड, समीकरणाशिवाय. फक्त ६४ हे नवं एकूण द्रावण होतं आणि प्रश्नात विचारलं होतं ते घालायचं आम्ल. ६४ मधून ४० वजा करायचे राहिले होते. त्याला टक्के येत होते, मिश्रण येत होतं, मी लिहिलेल्या पानातली एकही ओळ त्याला नको होती. त्याला एवढंच हवं होतं: 'काय विचारलंय ते परत वाच.' त्या दोन ओळींचा फोटो रात्री आला असता तर हे उत्तर दोन मिनिटांत गेलं असतं. वाईट याचं वाटलं, की माझं पानभर उत्तर वाचून आपली चांगली रीत चुकीचीच आहे असं तो समजून बसला होता.

तेव्हापासून आम्ही रफ पानाशिवाय, म्हणजे गणित करताना तुम्ही जे काही लिहिलं त्या पानाशिवाय, डाउट घेत नाही.

आता एक गणित तुम्हीच करून पाहा. तुलनेचा प्रश्न आहे. दिलेली माहिती: क्ष² > क्ष. पहिली राशी क्ष, दुसरी राशी १. कोणती मोठी? पर्याय चार: पहिली मोठी, दुसरी मोठी, दोन्ही समान, सांगता येत नाही.

बरेच जण दोन्ही बाजूंना क्ष ने भागतात, क्ष > १ मिळवतात आणि 'पहिली मोठी' हा पर्याय निवडून पुढे जातात. पंधरा सेकंदांत गणित झालं म्हणून बरंही वाटतं. पण क्ष ऋण असेल तर? क्ष = −२ घेतलं तर वर्ग ४, आणि ४ हे −२ पेक्षा मोठंच, म्हणजे अट पाळली गेली; तरी −२ हे १ पेक्षा लहान. एकदा पहिली राशी मोठी, एकदा दुसरी. म्हणून उत्तर 'दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही.' ज्या संख्येचं चिन्ह माहीत नाही तिनं असमानतेला भागायचं नाही, हे शाळेत शिकवलेलं असतं. तुमच्या रफ पानावर 'दोन्ही बाजूंना ÷ क्ष' ही ओळ दिसली की आम्ही तिच्यावर गोल करतो आणि शेजारी लिहितो, 'क्ष ऋण असेल तर?' बास. ही ओळ दिसली नाही तर तुम्ही भागाकारानं चुकलात, फक्त १ पेक्षा मोठ्या संख्या घालून पाहिल्यात, की 'सांगता येत नाही' हा पर्यायच विसरलात, हे आम्हाला कळायला मार्ग नाही. तिन्हींचं औषध वेगळं आहे.

जाता जाता: दोन्ही राशींत नुसत्या ठरलेल्या संख्या असतील, कुठेही अक्षर नसेल, तर 'सांगता येत नाही' हे उत्तर असूच शकत नाही. हे लक्षात ठेवलं तर एक पर्याय आधीच गळतो.

पालकांचा एक प्रश्न वारंवार येतो आणि तो रास्त आहे: 'फी घेता, मग गणित पूर्ण सोडवून का देत नाही?' सोडवलेलं गणित आज कुठेही मिळतं. पुस्तकामागे असतं, व्हिडिओत असतं, फोनवरच्या एआयला फोटो दिला तर क्षणात पायऱ्यांसकट येतं. ते वापरायला आमची हरकत नाही. पण दुसऱ्यानं सोडवलेलं गणित वाचताना प्रत्येक पायरी पटते आणि 'आलं मला' असं वाटतं. आठवड्यानं तेच गणित आकडे बदलून दिलं की पेन त्याच जागी थांबतं. आमच्याकडे तुम्ही पैसे भरता ते तुमचं पान कोणीतरी ओळ न् ओळ वाचावं यासाठी. ते काम आम्ही दोघी शिक्षिकाच करतो, कोणाकडे सोपवत नाही, म्हणूनच एका बॅचला आठच्या वर विद्यार्थी घेत नाही. आधी सूचना, पुन्हा प्रयत्न, तरी अडलात तर पूर्ण उत्तर. पूर्ण उत्तर कधीच देत नाही असं नाही. दुसऱ्या प्रयत्नानंतर हक्कानं मागा.

रफ पान म्हणजे सुवाच्य, आखीव-रेखीव पान नव्हे. खोडलेलं, फाटलेलं, वेडंवाकडं पाठवा. खोडलेला भाग मुद्दाम ठेवा, बहुतेकदा चूक तिथेच सापडते. कोणी कोणी उत्तर पाहून झाल्यावर नव्या कागदावर गणित नीट उतरवून पाठवतात. ते आम्हाला लगेच ओळखू येतं आणि त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. उत्तर आधी पाहिलं असेल तर तसं सरळ लिहा, कोणी रागावणार नाही. एकदाही जमलं नसेल, कागद कोराच असेल, तर 'काय दिलंय' आणि 'काय विचारलंय' एवढं तरी स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहा. हे लिहितानाच गणित सुटलं आणि डाउट पाठवावाच लागला नाही, असं सांगणारे आमच्याकडे दर बॅचला निघतात.

मूळ गणिताचा फोटो मात्र पूर्ण हवा. कडा कापू नका. पर्यायांपुढे गोल आहेत की चौकोन, हे आम्हाला दिसलं पाहिजे. गोल असतील तर एकच उत्तर. चौकोन असतील तर एक किंवा अनेक उत्तरं बरोबर असू शकतात, आणि ती सगळी निवडली तरच गुण मिळतात, अर्धवट गुण नाहीत. कापलेल्या फोटोवरून आम्ही एक उत्तर बरोबर म्हणून कळवलं आणि प्रत्यक्षात तीन निवडायची होती, असं घडलं आहे. भूमितीच्या आकृतीचंही तसंच. जीआरईत त्रिकोण-वर्तुळाच्या आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतीलच असं नाही. कोन काटकोनासारखा दिसला म्हणून तो ९० अंशांचा धरू नका. निर्देशांकांवर काढलेल्या आकृत्या आणि आलेख मात्र प्रमाणात असतात. म्हणून आकृतीसोबतची माहितीची ओळ फोटोत आली पाहिजे. पेन्सिलीनं लिहीत असाल तर ट्यूबलाइटखाली फोटो काढा, फिकट अक्षरं दिसत नाहीत.

स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरबद्दल थोडं, कारण रफ पान रिकामं राहण्यामागे पुष्कळदा तोच असतो. परीक्षेत तो मिळतो; बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ करून देतो, पण आकडे आठच दाखवतो. २ चा ३० वा घात मोठा की १० चा ९ वा घात, असा प्रश्न आला तर कॅल्क्युलेटर कामाचा नाही. आणि गरजही नाही: २ चा १० वा घात १०२४, म्हणजे १००० पेक्षा जास्त, दोन्हींचा घन करा, २ चा ३० वा घात मोठा. दीड ओळ. सरावाच्या वेळी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि फक्त कंटाळवाण्या भागाकाराला उचला. घरून परीक्षा देणार असाल तर आणखी एक: तिथे साधा कोरा कागद चालत नाही. छोटा व्हाइटबोर्ड किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला कागद, आणि पुसता येणारा मार्कर. मार्करनं जाड अक्षरात लिहायची सवय नसते, जागा पुरत नाही, आणि पुसलं की मागचं पाहता येत नाही. परीक्षेआधी किमान दोन आठवडे त्यावरच सराव करा. आमच्याकडे दोन व्हाइटबोर्ड आहेत, घरी न्यायला देतो.

प्रवेश घेताना प्रत्येकाला एक शंभरपानी वही देतो. तिला आम्ही चूक-वही म्हणतो. चुकलेलं गणित त्यात पूर्ण लिहायचं नाही. तारीख, गणिताचा प्रकार आणि चूक एका ओळीत. '२० ते ८० मधले ६ ने भाग जाणारे पूर्णांक: ९ लिहिले, १० हवे होते; २४ ते ७८ मोजताना शेवटी १ मिळवायचा राहिला.' 'अ हा ब पेक्षा २५ टक्के जास्त, म्हणून ब हा अ पेक्षा २५ टक्के कमी लिहिलं; पाया बदलला, २० हवे होते.' अशा ओळी. तीन आठवडे झाले की आम्ही वही मागून घेतो आणि शेजारी बसून वाचतो. कोणाचा एकेक आकडा मोजण्यात सुटतो, कोणाचं चिन्ह, कोणी विचारलेलं सोडून भलतंच काढतं. प्रत्येकाची चूक ठरलेली असते आणि तीच ती फिरून येते. ती कळली की पुढच्या सरावाची गणितं आम्ही तुमच्यापुरती निवडतो. अठ्ठावीस प्रकरणं पहिल्यापासून करायची गरज उरत नाही.

जीआरई घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या अधिकृत सराव परीक्षांपैकी दोन त्यांच्या वेबसाइटवरच्या तुमच्या खात्यावर मोफत मिळतात. त्या पहिल्याच आठवड्यात उडवू नका. एक मध्यावर, एक परीक्षेच्या दहा दिवस आधी. दोन्हींची रफ पानं जपून ठेवा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे सरावातही एकही प्रश्न कोरा सोडू नका. अंदाजानं ठोकलेल्या उत्तरापुढे मात्र छोटी खूण करा, नाहीतर नशिबानं बरोबर आलेलं गणित तुमच्या नजरेतून सुटतं. आणि परीक्षा देऊन आल्यावर आठवणीतली गणितं आम्हाला पाठवू नका. परीक्षेतला मजकूर बाहेर सांगायचा नसतो हे तुम्ही तिथे मान्य केलेलं असतं, आणि आम्हीही ती सोडवत नाही.

वेळा अशा: रफ पानासह डाउट रात्री नऊच्या आत आला तर त्याच रात्री उत्तर. नऊनंतर आला तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत. रफ पान नसेल तर 'पान पाठवा' एवढाच निरोप येईल. तो उद्धटपणा समजू नका. एका दिवशी पाचपेक्षा जास्त डाउट असतील तर रविवारी सकाळी दहा ते बारा प्रत्यक्ष या, समोरासमोर लवकर होतं. त्याचे वेगळे पैसे नाहीत. बाहेरगावी असलेले विद्यार्थी त्याच वेळेत व्हिडिओ कॉलवर येऊ शकतात.

अजून प्रवेश घेतला नसेल आणि आमची पद्धत पाहायची असेल, तर एका रविवारी विनामूल्य येऊन बसा. येताना नवी वही आणू नका. शेवटच्या मॉकची (सराव परीक्षेची) रफ पानं असतील तशी आणा, चुरगळलेली असली तरी.